तीन हजार स्ट्राइकआउट कोण गाठेल? तरुण पिचरबद्दल अंदाज बांधण्याची पायरीवार पद्धत

बेसबॉलमध्ये दर हंगामात एखादा तेवीस-चोवीस वर्षांचा पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू) ताशी शंभर मैलांच्या आसपास चेंडू टाकतो, दोनशेच्या वर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणं) घेतो, आणि लगेच हिशोब मांडला जातो: वर्षाला २२० धरले तर चौदा वर्षांत तीन हजार. हा हिशोब जवळजवळ दरवेळी फसतो. गुणाकार बरोबरच असतो, पण ज्या गोष्टीचा तुटवडा आहे ती त्यात धरलेलीच नसते. स्ट्राइकआउट काढण्याचा जबरदस्त दर आज पुष्कळांकडे आहे. पंधरा वर्षं चेंडू टाकत राहणारा हात मात्र फार थोड्यांकडे आहे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर षटकंच मिळाली नाहीत तर विकेट कुठून येणार?

म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. आधी इनिंग (तीन बाद झाले की एक इनिंग), मग दर, मग दुखापती, आणि टक्केवारी सगळ्यात शेवटी. सगळे आकडे मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) नियमित हंगामाचे आणि २०२५ च्या अखेरपर्यंतचे आहेत.

## १. टप्पा नीट निवडा

तीनशे विजय हा टप्पा तरुण पिचरसाठी धरू नका. विजय कुणाच्या नावावर लागणार, हे संघाच्या फलंदाजीवर आणि मॅनेजर पिचरला कधी काढतो यावर अवलंबून असतं. सामना सुरू करणाऱ्या पिचरला विजय मिळायला किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात, आणि आजकाल अनेकांना तेवढ्यातच बाहेर बोलावतात. तीनशेवर शेवटचा पोहोचला तो रँडी जॉन्सन, ४ जून २००९ रोजी. जस्टिन व्हर्लँडर इतकी वर्षं खेळूनही २६६ वर आहे.

तीन हजार स्ट्राइकआउट हा टप्पा दुर्मिळ आहे, पण आवाक्यातला आहे. आतापर्यंत वीस जणांनी तो गाठला. विसावा क्लेटन कर्शॉ, २ जुलै २०२५ रोजी. शिवाय स्ट्राइकआउट बऱ्याच अंशी पिचरच्या स्वतःच्या हातात असतो, त्यामुळे अंदाजाला काही आधार राहतो.

## २. तक्ता तयार करा

बेसबॉल-रेफरन्स किंवा फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळांवरून प्रत्येक पिचरची हंगामवार माहिती घ्या. रकाने असे ठेवा: जन्मतारीख, हंगामाच्या ३० जूनला असलेलं वय, सुरू केलेले सामने, बाद केलेल्यांची संख्या, सामोरे आलेले बॅटर, स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्याने बॅटरला फुकट मिळालेला बेस), जायबंदी यादीत गेलेले दिवस, शरीराचा दुखावलेला भाग, आणि एप्रिलमधला फास्टबॉलचा सरासरी वेग.

इथेच पहिली मोठी चूक होते. इनिंगच्या आकड्यातला बिंदू हा दशांश नसतो. पॉल स्कीन्सच्या २०२५ च्या नोंदीत १८७.२ दिसतं, त्याचा अर्थ १८७ पूर्ण आणि आणखी दोन बाद, म्हणजे १८७ पूर्णांक दोन तृतीयांश. स्प्रेडशीटला हे कळत नाही. एका हंगामात फरक किरकोळ वाटतो, पण बेरीज करताना .२ आणि .२ मिळून .४ होतं, आणि अशी इनिंग अस्तित्वातच नसते; खरं उत्तर १.१ आहे. यावर उपाय म्हणजे इनिंग ठेवूच नका, बाद ठेवा. १८७ × ३ + २ = ५६३. नऊ इनिंगमागचा दर काढायला स्ट्राइकआउट × २७ ÷ बाद. स्कीन्ससाठी २१६ × २७ ÷ ५६३ = १०.४.

२०२० चा हंगाम ६० सामन्यांचा होता. पातळी (पायरी ७) ठरवताना त्या वर्षाचे आकडे २.७ ने गुणा. कारकिर्दीच्या एकूण बेरजेत मात्र खरे आकडेच राहू द्या. तिथे वाढवलेला आकडा घुसला की सगळा तक्ता बिघडतो.

इशारा: प्लेऑफचे, मायनर लीगचे किंवा जपानमधले स्ट्राइकआउट धरायचे नाहीत. योशिनोबू यामामोतोने जपानमध्ये काहीही केलं असलं तरी या तक्त्यात त्याची सुरुवात २०२४ च्या १०५ पासून होते.

पडताळणी: ज्याची कारकीर्द संपली आहे अशा एका पिचरची हंगामवार बेरीज करून पाहा. कर्शॉची बेरीज ३,०५२ यायला हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका.

## ३. कुणाला तक्त्यात घ्यायचं

वय २२ ते २९, आणि गेल्या दोन हंगामांत मिळून किमान ५० सामने सुरू केलेले. बस.

रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच येऊन थोड्या इनिंग टाकणारे) बाहेर. त्यांचा दर बघून मोह होतो, पण ६० इनिंगमध्ये नऊमागे १४ या दरानेही हंगामाला ९३ स्ट्राइकआउट होतात. अशाने तीन हजारांना बत्तीस वर्षं लागतील. रिलीव्हरचा स्टार्टर (सामना सुरू करणारा) झाला तर मात्र त्याचा विचार करा. गॅरेट क्रोशे २०२३ पर्यंत एकूण ८५ स्ट्राइकआउटवर होता. स्टार्टर झाल्यावर त्याने २०९ आणि २५५ काढले.

एकूण बेरीज कमी दिसते म्हणून कुणाला वगळू नका. ही चूक अनुभवी लोकही करतात. २०१२ च्या अखेरीस मॅक्स शर्झर २८ वर्षांचा होता आणि त्याचे ८२९ स्ट्राइकआउट होते, तरी पुढे त्याने तीन हजार गाठले. रँडी जॉन्सन २९ व्या वर्षी ८१८ वर होता आणि शेवटी ४,८७५ वर थांबला. उलट टिम लिन्सकमने २००८ ते २०११ या चार हंगामांत २६५, २६१, २३१ आणि २२० काढले, दोन साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारे) घेतले, आणि त्याची कारकीर्द १,७३६ वर संपली. लवकर सुरुवात केल्याचा फायदा असतो, पण तो लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतो.

## ४. इनिंगचा हिशोब (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

टप्प्याला किती इनिंग लागतील हे आधी काढा. नऊमागे ९ स्ट्राइकआउटचा दर असेल तर ३,००० इनिंग. दर १० असेल तर २,७००. दर ११ असेल तर साधारण २,४५५. आता ही संख्या हंगामाला १६५ ने भागून पाहा. अकराच्या दरानेही पंधरा वर्षं लागतात. हा दर चाळिशीपर्यंत टिकत नाही, ही गोष्ट तर अजून धरलेलीच नाही.

मग पिचरच्या संघात किती जण पाळीपाळीने सामने सुरू करतात, म्हणजे किती जणांचा फेरा आहे ते बघा. १६२ सामने पाच जणांत वाटले की प्रत्येकाला ३२ ते ३३ येतात. सहा जणांत वाटले की २७. पाच सामने कमी, प्रत्येकात साडेपाच इनिंग, नऊमागे दहाचा दर, म्हणजे वर्षाला तीसेक स्ट्राइकआउट गेले. बारा वर्षांत साडेतीनशेच्या वर. सहा जणांचा फेरा हाताला विसावा देतो आणि कारकीर्द लांबवू शकतो हे खरं, पण ती लांबलेली वर्षं अजून दिसलेली नाहीत आणि गेलेले सामने दिसतात. तक्त्यात दिसणाऱ्या गोष्टीला वजन द्या.

आता नियमितपणा. प्रत्येक पिचरचे ३० किंवा जास्त सामने सुरू केलेले सलग हंगाम मोजा. शर्झरने २००९ ते २०१८ असे दहा हंगाम सलग हे केलं. त्याच्या बाबतीत अंदाज चुकलेल्यांनी नेमका हाच रकाना पाहिला नव्हता. आजच्या तरुणांत या कसोटीवर डिलन सीस फार वर आहे: २०२१ पासून दर हंगामात ३२ किंवा ३३ सामने, आणि स्ट्राइकआउट २२६, २२७, २१४, २२४, २१५. त्याच्याबद्दल कुणी फार बोलत नाही, कारण धावा देण्याचं त्याचं प्रमाण वर्षागणिक खालीवर होतं. या टप्प्यासाठी तो मुद्दा दुय्यम आहे.

पडताळणी: तुमच्या यादीतला पहिला पिचर वेगामुळे वर आला आहे की सामन्यांच्या संख्येमुळे? वेगामुळे असेल तर ही पायरी पुन्हा करा.

## ५. दर कसा वाचायचा

नऊ इनिंगमागचा दर फसवतो. दोन पिचरनी नऊ इनिंगमध्ये नऊ-नऊ स्ट्राइकआउट घेतले असं समजा. एकासमोर ३४ बॅटर आले, दुसऱ्यासमोर ४२. पहिल्याने २६ टक्के बॅटर घालवले, दुसऱ्याने २१ टक्के. नऊमागचा दर दोघांना सारखाच दाखवतो. म्हणून सामोरे आलेल्या बॅटरपैकी स्ट्राइकआउटचे टक्के काढा आणि त्यातून वॉकचे टक्के वजा करा. ही वजाबाकी १५ च्या खाली असेल तर दोनशे स्ट्राइकआउटचा हंगाम पुन्हा पुन्हा येईल असं धरू नका.

वॉक इतके महत्त्वाचे का, तर पिचरला साधारण शंभर चेंडूंच्या आसपास बाहेर काढतात. वॉक देण्यात गेलेले चेंडू शेवटी त्याच्याच इनिंगमधून कापले जातात. तारिक स्कूबलचं बळ इथे आहे: तो तीस टक्क्यांवर बॅटर स्ट्राइकआउट करतो आणि वॉक फारच कमी देतो, त्यामुळे तेवढ्याच चेंडूंत जास्त इनिंग टाकतो.

वेगाची तुलना एप्रिलची एप्रिलशी करा. ऊन वाढतं तसा वेगही वाढतो, त्यामुळे गेल्या ऑगस्टची या एप्रिलशी तुलना केली की उगाच घबराट होते. दोन एप्रिलमध्ये दीड मैलाहून (सुमारे २.४ किलोमीटर) जास्त घट दिसली तर त्या नावापुढे खूण करा.

## ६. दुखापतींची नोंद

कोपर आणि खांदा वेगवेगळे लिहा. "हाताची दुखापत" अशी मोघम नोंद निरुपयोगी आहे.

कोपराच्या अस्थिबंधाची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की साधारण १२ ते १८ महिने जातात, पण पुष्कळ जण परत येऊन पूर्वीसारखे टाकतात. व्हर्लँडर ३७ व्या वर्षी त्यातून गेला, २०२१ चा हंगाम पूर्ण मुकला, आणि २०२२ मध्ये १७५ इनिंगमध्ये १८५ स्ट्राइकआउट घेतले. ख्रिस सेलची २०२० मध्ये झाली, आणि २०२४ मध्ये त्याने २२५ स्ट्राइकआउटसह साय यंग मिळवला. २०२५ च्या अखेरीस तो २,५७९ वर होता. गेरिट कोल तेव्हा २,२५१ वर होता आणि याच शस्त्रक्रियेमुळे २०२५ पूर्ण मुकला.

खांद्याचं तसं नाही. योहान सँतानाच्या खांद्यावर २०१० मध्ये शस्त्रक्रिया झाली; त्यानंतर तो मेजर लीगमध्ये फक्त २०१२ चा हंगाम खेळू शकला आणि १,९८८ वर थांबला. मानेखालच्या नसा दबल्यामुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया, म्हणजे थोरॅसिक आउटलेट, ही त्याहूनही वाईट खूण समजा. स्टीफन स्ट्रासबर्ग २०१९ मध्ये २५१ स्ट्राइकआउटवर होता. त्यानंतर तो जवळजवळ खेळलाच नाही आणि एकूण १,७२३ वर राहिला.

इशारा: दुखापतीत गेलेला हंगाम तक्त्यातून गाळू नका. त्या वर्षाचा शून्य हा खरा शून्य आहे. "ते वर्ष सोडलं तर" असं म्हणत काढलेली सरासरी जो पिचर दाखवते, तो प्रत्यक्षात नसतो.

## ७. सूत्र लावा

बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं जुनं सूत्र सुरुवातीला पुरेसं आहे.

- उरलेली वर्षं = २४ − (०.६ × वय)
- पातळी = (गेला हंगाम × ३ + त्याआधीचा × २ + त्याच्याही आधीचा) ÷ ६
- शक्यता = (उरलेली वर्षं × पातळी ÷ अजून हवे असलेले) − ०.५

सीसचं करून पाहू. वय २९, एकूण १,२३१, हवेत १,७६९. पातळी (२१५ × ३ + २२४ × २ + २१४) ÷ ६ = २१८. उरलेली वर्षं ६.६. म्हणजे अपेक्षित १,४३९. त्याला १,७६९ ने भागलं की ०.८१, वजा ०.५, म्हणजे ३१ टक्के.

याच रीतीने स्कूबल (वय २८, एकूण ८८९) २३ टक्क्यांवर येतो, क्रोशे (वय २६, एकूण ५४९) १८ वर, आणि स्कीन्स (वय २३, एकूण ३८६) १४ वर. स्कीन्सला दोनच हंगाम असल्यामुळे तिसऱ्याच्या जागी शून्य जातो. तो तसाच राहू द्या. त्याला अजून बरंच सिद्ध करायचं आहे आणि सूत्र तेच सांगतं. उत्तर ९७ च्या वर गेलं तर ९७ वर थांबवा, उणे आलं तर शून्य धरा.

## ८. सूत्र कुठे आंधळं होतं

आजच्या नावांवर विश्वास ठेवण्याआधी जुन्या दोन नावांवर सूत्र चालवा.

फेलिक्स हर्नांडेझ, २०१४ ची अखेर, वय २८, एकूण १,९५१. पातळी २३३, उरलेली वर्षं ७.२. हवेत फक्त १,०४९. सूत्र म्हणतं ९७ टक्के.

क्लेटन कर्शॉ, २०१५ ची अखेर, वय २७, एकूण १,७४६. पातळी २६९, उरलेली वर्षं ७.८. हवेत १,२५४. सूत्र म्हणतं ९७ टक्के.

दोघांना सारखेच गुण. पुढे हर्नांडेझचे हंगाम गेले १९१, १२२, ७८, १२५, ५७, आणि तो २,५२४ वर संपला. कर्शॉ पोहोचला, पण त्याचे हंगाम बघा: १७२, २०२, १५५, १८९, ६२ (हा साठ सामन्यांचा), १४४, १३७, १३७, २४, ८४. पातळी २६९ धरली होती. दहा वर्षांत एकदाच तो दोनशेच्या वर गेला. सूत्राच्या मते पाच वर्षांचं काम होतं, त्याला दहा लागली. तो पाठ, कोपर, खांदा सगळं सांभाळत, कमी सामने खेळत, पण टिकून राहिला.

यातून दोन गोष्टी तक्त्यात उतरवायच्या. एक, पातळी पुढे जात राहील हे सूत्राचं गृहीतक पिचरला लागू नाही, ती उतरणारच. दोन, हर्नांडेझने २००८ ते २०१५ प्रत्येक हंगामात दोनशेहून जास्त इनिंग टाकल्या होत्या, तेही १९ व्या वर्षी मेजर लीगमध्ये येऊन. नियमितपणा ही सर्वात चांगली खूण आहे, पण ती हमी नाही. म्हणून पुढची पायरी.

## ९. वर्षनिहाय खतावणी

प्रत्येक उमेदवारासाठी पुढची नऊ-दहा वर्षं एकेक ओळीत लिहा: अपेक्षित इनिंग, अपेक्षित दर, त्यातून स्ट्राइकआउट. सीससाठी नऊमागे ११ पासून सुरू करून दरवर्षी ०.३ उतरवा, आणि इनिंग १६५ पासून हळूहळू ८० पर्यंत आणा.

| वय | इनिंग | दर | स्ट्राइकआउट |
|---|---|---|---|
| ३० | १६५ | ११.० | २०२ |
| ३१ | १६५ | १०.७ | १९६ |
| ३२ | १५५ | १०.४ | १७९ |
| ३३ | १५० | १०.१ | १६८ |
| ३४ | १४० | ९.८ | १५२ |
| ३५ | १२५ | ९.५ | १३२ |
| ३६ | ११० | ९.२ | ११२ |
| ३७ | १०० | ८.९ | ९९ |
| ३८ | ८० | ८.६ | ७६ |

बेरीज १,३१६. आधीचे १,२३१ धरून २,५४७. म्हणजे एकही हंगाम पूर्ण वाया न जाता, अडतिसाव्या वर्षापर्यंत खेळूनही साडेचारशे कमी पडतात. सूत्राचे ३१ टक्के इथे फार उदार वाटायला लागतात.

पडताळणी: खतावणीतल्या इनिंग सलग तीन वर्षं वाढताना दिसल्या, तर तुम्ही अंदाज बांधत नाही आहात, इच्छा लिहिता आहात.

## १०. कपात आणि शेवटचा आकडा

सूत्राच्या टक्केवारीवर अशी कपात करा. हे कुठल्या अभ्यासाचे आकडे नाहीत, हाताशी ठेवायचे ठोकताळे आहेत.

- कोपर-खांद्याचा मोठा इतिहास नाही: निम्मी करा.
- कोपराची शस्त्रक्रिया झालेली: एक तृतीयांशावर आणा.
- खांद्याची शस्त्रक्रिया किंवा थोरॅसिक आउटलेट: शून्य लिहा, आणि तो सलग दोन पूर्ण हंगाम खेळला तरच पुन्हा हिशोब करा.
- खतावणी चारशेहून जास्त कमी पडत असेल: आणखी थोडी खाली आणा.

सीस निम्म्यावर येऊन १५, आणि खतावणीमुळे ११-१२. स्कूबलची कॉलेजात टॉमी जॉन आणि २०२२ मध्ये कोपराजवळच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून ८. क्रोशेची २०२२ मध्ये टॉमी जॉन, म्हणून ६. स्कीन्स ७. आज सर्वात चांगला पिचर कोण असं विचारलं तर हा क्रम नक्कीच असा नसेल, पण इथे प्रश्नच वेगळा आहे.

"यातला एक तरी गाठेल का?" याचं उत्तर काढताना टक्के बेरजेत घेऊ नका. प्रत्येकाची न गाठण्याची शक्यता गुणा आणि एकातून वजा करा. दहा टक्क्यांचे पाच पिचर असतील तर ०.९ पाच वेळा गुणून ०.५९, म्हणजे कुणीतरी एक गाठण्याची शक्यता ४१ टक्के. ही शक्यता चांगली मोठी आहे, तरी त्यांतल्या कुठल्याही एका नावावर पैज लावण्यासारखी स्थिती नाही.

## ११. तक्ता कधी उघडायचा

वर्षातून तीनदाच. एप्रिलच्या अखेरीस फक्त वेगाचा रकाना भरा. जुलैमध्ये ऑल-स्टार सामन्याच्या सुट्टीत सुरू केलेले सामने आणि जायबंदी यादी तपासा. सामने १६ च्या खाली असतील तर खतावणीतली या वर्षाची ओळ कापा. ऑक्टोबरमध्ये नियमित हंगाम संपला की सूत्र पुन्हा चालवा, आणि गेल्या वर्षीचा आकडा खोडू नका, नव्या रकान्यात नवा लिहा. एखाद्या रात्री कुणी चौदा स्ट्राइकआउट घेतले म्हणून मध्येच तक्ता उघडला, तर त्या दिवशी काहीही बदलायचं नाही.